एक मार्गिका वाढवली, तर कोंडी फुटेल का?

शुक्रवारची दुपार कलली की अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील डेव्हिस या गावाजवळ 'इंटरस्टेट ८०' हा महामार्ग तुंबू लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने सुट्टीसाठी लेक ताहोच्या डोंगराळ भागाकडे निघालेली कुटुंबे, ओकलंड बंदरातून माल घेऊन निघालेले ट्रक आणि विद्यापीठातले काम आटोपून सॅक्रामेंटोकडे घरी परतणारे कर्मचारी, असे सगळे एकाच वेळी एकाच रस्त्यावर येतात. प्रत्येक दिशेला तीन मार्गिका आहेत आणि पुढे आहे सुमारे पाच किलोमीटर लांबीचा 'योलो कॉजवे' हा पूल. पुलाखाली पूरनियंत्रणासाठी मोकळे ठेवलेले विस्तीर्ण सखल मैदान आहे. उन्हाळ्यात तिथे भातशेती असते, तर भरपूर पावसाच्या हिवाळ्यात तिथे समुद्रासारखे पाणी पसरते. त्यामुळे वळसा घालायला जवळपास दुसरा मोठा रस्ता नाही. मुंगीच्या पावलाने सरकत राहण्याखेरीज इलाज नसतो.

मग फोनवरचा नकाशा मदतीला येतो. 'इथून बाहेर पडा, गावातून जा, इतकी मिनिटे वाचतील' असा सल्ला मिळतो आणि महामार्गावरची गर्दी डेव्हिसच्या मेस बुलेवार्डसारख्या गावरस्त्यांवर उतरते. शाळा सुटण्याच्या वेळी स्थानिक लोकांना स्वतःच्याच गल्लीतून बाहेर पडता येत नाही.

हा रस्ता रुंद करावा, ही मागणी जुनी आहे. अनेक वर्षे ती कागदावर राहिली. अखेर पैसे मंजूर झाले, तेव्हा त्यांच्यासोबत वादही आला. रुंदीकरणाने कोंडी खरोखर कमी होते का, या प्रश्नावर जगात ज्या मोजक्या ठिकाणी सखोल संशोधन झाले, त्यांपैकी एक विद्यापीठ नेमके याच गावात आहे. तिथल्या संशोधकांचे उत्तर रस्ता बांधणाऱ्यांना सोयीचे नाही. आपल्याकडेही दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या रस्त्याबाबत हाच प्रश्न निघतो, म्हणून डेव्हिसची कहाणी नीट समजून घ्यायला हवी.

सायकलींचे गाव, मोटारींचा रस्ता

डेव्हिसची लोकसंख्या सुमारे ६७ हजार आणि तिथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे विद्यार्थी सुमारे ४० हजार. म्हणजे विद्यापीठ हेच गावाचे हृदय. अमेरिकेत रस्त्यावर सायकलींसाठी स्वतंत्र मार्गिका आखणारे हे पहिले शहर, वर्ष १९६७. आजही तिथे प्राध्यापक आणि विद्यार्थी सर्रास सायकलने वर्गाला जातात. गावात रेल्वे स्थानक आहे आणि 'कॅपिटल कॉरिडॉर' ही प्रवासी गाडी तिथे थांबते.

असे असूनही गावाशेजारचा महामार्ग तुंबतो, याचे एक कारण घरांमध्ये आहे. गावाभोवतीच्या शेतजमिनीवर वस्ती वाढवायची असेल, तर आधी मतदारांचा कौल घ्यायचा, असा नियम डेव्हिसकरांनी २००० मध्ये मतदान करून केला. शेती वाचावी, गाव बेसुमार पसरू नये, हा त्यामागचा हेतू. तो समजण्यासारखा आहे. पण विद्यापीठ वाढत गेले आणि घरे त्या वेगाने वाढली नाहीत. भाडी चढली. मग कर्मचारी आणि कित्येक विद्यार्थी वूडलंड, डिक्सन, सॅक्रामेंटो अशा ठिकाणी राहू लागले आणि रोज ये-जा करू लागले. विद्यापीठाचे मोठे रुग्णालयही सुमारे २५ किलोमीटरवर सॅक्रामेंटोत आहे. म्हणजे पुलावरच्या गर्दीतला एक हिस्सा मुळात रस्त्याचा प्रश्नच नाही. घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, ही त्याची मुळे आहेत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असे होऊ नये म्हणून हे आधी लक्षात घ्यायला हवे.

रखडलेला प्रकल्प

राज्याच्या वाहतूक खात्याची, म्हणजे 'कॅलट्रान्स'ची, योजना अशी: डेव्हिसपासून सॅक्रामेंटोपर्यंत सुमारे २७ किलोमीटरच्या पट्ट्यात प्रत्येक दिशेला एक नवी मार्गिका. ही मार्गिका सर्वांना फुकट नाही. एकट्याने गाडी चालवणाऱ्याने टोल भरायचा, गाडीत पुरेशी माणसे असतील तर सवलत, आणि बसला मोकळी वाट.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने या कामासाठी ८ कोटी ६० लाख डॉलरचे अनुदान जाहीर केले आणि रखडलेल्या योजनेला गती आली. पण ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलट्रान्सच्या नियोजन विभागाच्या उपसंचालक जीनी वॉर्ड-वॉलर यांनी जाहीर आरोप केला. रस्त्याच्या दुरुस्तीसाठीचा पैसा रुंदीकरणाच्या पूर्वतयारीला वापरला जात आहे आणि त्याचा पर्यावरणीय आढावा नीट घेतलेला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हा मुद्दा खात्यात उचलल्यामुळे आपल्याला पदावरून दूर करण्यात आले, असेही त्यांनी सांगितले. प्रकरण राज्यभर गाजले.

तरीही मे २०२४ मध्ये राज्याच्या परिवहन आयोगाने प्रकल्पासाठी आणखी साडेदहा कोटी डॉलर मंजूर केले. त्यानंतर पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या.

वादाचा गाभा कायद्यात आहे. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा करून प्रकल्पाचा वाहतुकीवरील परिणाम मोजण्याची पद्धतच बदलायला घेतली आणि २०२० च्या जुलैपासून ती राज्यभर लागू झाली. पूर्वी विचारले जाई, 'गाड्यांचा खोळंबा किती कमी होईल?' आता विचारले जाते, 'लोकांना एकूण किती मैल गाडी चालवावी लागेल?' पहिल्या प्रश्नात रुंद रस्ता नेहमी जिंकतो. दुसऱ्या प्रश्नात तो बहुधा हरतो. योलो प्रकल्पाच्या अंतिम पर्यावरण अहवालातही हेच दिसले. बस, रेल्वे आणि प्रवास कमी करण्याच्या योजनांवर पैसे खर्चूनही गाड्यांच्या धावण्यात होणारी वाढ पूर्ण भरून निघणार नाही, हे खात्याने मान्य केले. तरी फायदे अधिक आहेत, असे म्हणून प्रकल्प पुढे नेला.

रिकामी जागा कोण भरते?

रस्ता रुंद केला की गाड्या वाढतात, ही गोष्ट ऐकायला उफराटी वाटते. पाइप मोठा केला की पाणी सहज वाहते, मग रस्त्याचे तसे का होऊ नये? कारण पाण्याला मन नसते. गाडी चालवणाऱ्याला असते. कोंडीला कंटाळून तो काही बेत टाळत असतो आणि कोंडी हटली की ते बेत पुन्हा करतो.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच गर्दीच्या वेळच्या कोंडीचा नियम मांडला. पुढे त्यांनी त्याचे तीन प्रवाह सांगितले. समजा, महामार्गावर एक मार्गिका वाढली आणि पहिल्या सोमवारी रस्ता मोकळा धावला. ही बातमी पसरते. आडरस्त्याने जाणारे काही जण महामार्गावर येतात, हा पहिला प्रवाह. गर्दी टाळायला पहाटे सहाला निघणारे आता आठला निघतात, हा दुसरा. रेल्वेने वा बसने जाणारे काही जण गाडी काढतात, हा तिसरा. या तिघांचा त्रिवेणी संगम झाला की गर्दीच्या वेळी रस्ता पुन्हा पूर्वीसारखा भरतो.

हे झाले काही आठवड्यांचे किंवा महिन्यांचे. काही वर्षांत आणखी खोल बदल होतात. 'आता अर्ध्या तासात पोहोचता येते' म्हणून लोक लांब घर घेतात. कंपन्या गोदामे लांब हलवतात. बिल्डर नव्या वसाहती बांधतात. रस्त्याने स्वतःसाठी नवी गर्दी तयार केलेली असते.

२०११ मध्ये जिल दुरँतों आणि मॅथ्यू टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली. महानगरांतल्या आंतरराज्य महामार्गांच्या मार्गिकांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढली, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांनी कापलेले अंतर वाढले. १० टक्के रस्ता वाढवा, साधारण १० टक्के वाहतूक वाढते. ही वाढ इतर रस्त्यांवरून वळून आलेल्या गाड्यांपुरती नव्हती. लोक जास्त फिरू लागले होते, मालवाहतूक वाढली होती आणि नवी माणसे राहायला आली होती.

डेव्हिसच्या विद्यापीठातील प्राध्यापक सुझन हँडी यांनी २०१५ मध्ये अशा अभ्यासांचा धांडोळा घेऊन एक छोटे टिपण लिहिले. महामार्गाची क्षमता वाढवून कोंडी कमी होण्याची शक्यता फारशी नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे त्यांच्या केंद्राने एक गणनयंत्र तयार केले. कुठल्या जिल्ह्यात किती मैल मार्गिका वाढवणार, हे त्यात भरले की वर्षाकाठी किती मैल जादा वाहतूक होईल याचा अंदाज मिळतो. राज्याच्या वाहतूक खात्याने आपल्या मार्गदर्शक सूचनांमध्येच या साधनाची शिफारस केली आहे. मग हेच साधन शेजारच्या महामार्गाला लावले गेले, तेव्हा चर्चा तापणे साहजिक होते.

याचा अर्थ नवी मार्गिका अगदी वाया जाते, असा नाही. पूर्वी जितकी माणसे आणि जितका माल जात होता, त्याहून जास्त जातो. त्याला आर्थिक मोल आहे. पण 'कोंडी फोडण्यासाठी' म्हणून पैसे खर्च केले असतील, तर ते उद्दिष्ट फार काळ टिकत नाही. टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत प्रचंड रुंद करण्यात आला. सेवा रस्ते धरून काही ठिकाणी त्याला २६ मार्गिका आहेत. त्यानंतर काही वर्षांतच गर्दीच्या वेळी तिथला प्रवास पुन्हा लांबला.

शेवटच्या काही गाड्या

कोंडीचे आणखी एक वैशिष्ट्य भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले आहे. जपानमध्ये संशोधकांनी २३० मीटर परिघाच्या गोल मार्गावर २२ गाड्या एकामागोमाग चालवल्या. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सर्व चालकांना एकाच वेगाने जायला सांगितले होते. मार्गावर अडथळा नव्हता, सिग्नल नव्हता, अपघात नव्हता. तरी थोड्या वेळात कोंडी झाली. कोणी किंचित हळू झाला, मागच्याने थोडा जास्त ब्रेक दाबला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, असे करत मागे कोणाला तरी पूर्ण थांबावे लागले. थांबलेल्या गाड्यांची ही लाट मागे मागे सरकत राहिली.

महामार्गावर नेमके हेच होते. गाड्यांची दाटी एका मर्यादेपर्यंत वाढेतो वाहतूक सुरळीत असते. ती मर्यादा ओलांडली की थोड्याच जादा गाड्यांनी सगळा प्रवाह कोलमडतो, आणि कोलमडलेला रस्ता मोकळ्या रस्त्यापेक्षा कमी गाड्या पुढे नेतो. दुधाच्या पातेल्यासारखेच हे. काठापर्यंत सगळे ठीक असते, शेवटच्या उकळीने उतू जाते.

यातली आशेची बाजू अशी की कोंडी फोडायला अर्ध्या गाड्या कमी कराव्या लागत नाहीत. गर्दीच्या त्या तासात थोड्या गाड्या कमी झाल्या, तरी प्रवाह पुन्हा सुरळीत होऊ शकतो. सुट्टीच्या दिवसांत शाळा-कॉलेजे बंद असताना रस्ते अचानक कसे मोकळे वाटतात, हा अनुभव सर्वांना आहे.

फुप्फुसांचा हिशेब

कोंडी हा वेळेचा प्रश्न आहे, तसाच तो शरीराचाही आहे. २००४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आदल्या दिवसातले प्रत्येक काम करताना कसे वाटले, हे त्यांना विचारले होते. सर्वांत कमी आनंद देणाऱ्या गोष्टींत सकाळचा कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाशी होता. त्याच वर्षी अटलांटा परिसरातल्या एका अभ्यासात दिसले की दिवसाकाठी गाडीत घालवलेल्या प्रत्येक जादा तासागणिक लठ्ठपणाची शक्यता सुमारे ६ टक्के जास्त होती.

हे झाले गाडीत बसणाऱ्यांचे. रस्त्याकडेला राहणाऱ्यांनी तर प्रवासही केलेला नसतो. मोठ्या महामार्गालगत हवेत अतिसूक्ष्म कणांचे प्रमाण खूप जास्त असते आणि सुमारे ३०० मीटर अंतरावर ते परिसरातल्या नेहमीच्या पातळीपर्यंत उतरते, असे लॉस एंजेलिस भागात केलेल्या मोजमापांत आढळले आहे. हे कण इतके लहान असतात की ते फुप्फुसांच्या खोलवर पोहोचतात.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ३,६७७ मुलांची फुप्फुसे संशोधकांनी आठ वर्षे तपासली. २००७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, महामार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दीड किलोमीटर वा त्याहून दूर राहणाऱ्या मुलांच्या तुलनेत कमी झाली होती. वाढीच्या वयात राहिलेली ही उणीव पुढे भरून काढणे कठीण असते. कॅलिफोर्नियाने २००३ मध्येच कायदा करून महामार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी सरकारी शाळा बांधण्यावर, काही अपवाद सोडता, बंदी घातली होती.

मग कोंडी फुटली तर आरोग्य सुधारेल, असे म्हणायचे का? त्यालाही पुरावा आहे. न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनियामध्ये टोलनाक्यांवर आपल्या फास्टॅगसारखी न थांबता टोल भरण्याची यंत्रणा आली, तेव्हा नाक्यावरच्या रांगा कमी झाल्या. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये मुदतपूर्व प्रसूतींचे प्रमाण १०.८ टक्क्यांनी आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण ११.८ टक्क्यांनी घटले, असे जॅनेट करी आणि रीड वॉकर यांनी २०११ मध्ये दाखवले. थांबत-चालत जाणारी गाडी जास्त धूर ओकते, हे यातून स्पष्ट दिसते.

म्हणजे रुंदीकरणाच्या समर्थकांची चिंता खोटी नाही. कोंडी घातकच आहे. प्रश्न उपायाचा आहे. त्या टोलनाक्यांवर नवी मार्गिका न वाढवता रांग हटली. रुंदीकरणात मात्र रांग काही काळच हटते. नंतर ती परत येते, आणि या वेळी तिच्यात तीनऐवजी चार मार्गिकांच्या गाड्या असतात. कडेच्या घरांपर्यंत पोहोचणारे कण, आवाज आणि उष्णता त्यामुळे वाढण्याचा धोका असतो. सगळ्या गाड्या विजेवर चालू लागल्या, तर धूर जाईल. पण ब्रेक, टायर आणि रस्त्याच्या घर्षणातून उडणारे कण राहतील.

डेव्हिसमध्ये हा मुद्दा पुस्तकी नव्हता. विद्यापीठाला लागून, महामार्ग आणि रेल्वेमार्ग यांच्या बेचक्यात 'निशी' नावाची जमीन आहे. तिथे घरे बांधण्याचा प्रस्ताव २०१६ मध्ये मतदारांनी थोडक्या फरकाने फेटाळला. २०१८ मध्ये विद्यार्थ्यांसाठीच्या सुधारित प्रस्तावाला त्यांनी मंजुरी दिली. दोन्ही वेळा हवेची चर्चा झाली. विद्यापीठाचेच भौतिकशास्त्रज्ञ टॉमस काहिल यांनी तिथे राहणाऱ्यांना ब्रेकमधून उडणाऱ्या धातूंच्या अतिसूक्ष्म कणांचा धोका असल्याचा इशारा दिला होता. दुसरी बाजू म्हणत होती, विद्यार्थ्यांना वर्गापर्यंत चालत जाता येईल असे घर मिळाले, तर तितक्या गाड्या महामार्गावरून कमी होतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. घरांची टंचाई, कोंडी आणि फुप्फुसे हे तीन वेगळे विषय नाहीत, हे त्या एका भूखंडाने दाखवून दिले.

मग करायचे काय?

रस्त्यावरची जागा फुकट असेल, तर ती वेळेच्या रांगेने वाटली जाते. तिला थोडी किंमत लावली, की ज्यांची गरज तातडीची नाही ते वेळ वा मार्ग बदलतात. स्टॉकहोम शहराने जानेवारी २००६ मध्ये सात महिन्यांपुरता प्रयोग म्हणून शहराच्या मध्यभागात ये-जा करणाऱ्या गाड्यांवर गर्दीशुल्क लावले. आधी बहुसंख्य लोकांचा विरोध होता. शुल्क लागताच शहराच्या वेशीवरून जाणारी वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली आणि रांगा त्याहून अधिक प्रमाणात आखडल्या. प्रयोग संपताच गाड्या बऱ्याच अंशी परत आल्या. लोकांनी फरक पाहिला, जनमत घेतले गेले आणि २००७ मध्ये शुल्क कायमचे झाले. पुढच्या अभ्यासात तिथल्या लहान मुलांना दम्याच्या तीव्र झटक्यांसाठी डॉक्टरांकडे न्यावे लागण्याचे प्रमाणही लक्षणीय घटल्याचे आढळले. लंडनने २००३ मध्ये आणि न्यू यॉर्कने जानेवारी २०२५ मध्ये असेच शुल्क लावले.

योलोची टोल मार्गिका याच विचाराची अर्धी आवृत्ती आहे. शुल्क फक्त नव्या मार्गिकेला, बाकीच्या तीन पूर्वीसारख्या. काही गाड्या टोल मार्गिकेत गेल्या की उरलेल्या तिन्हींत जागा होते, आणि ती जागा डाउन्स यांच्या नियमाने भरते. म्हणून अनेक वाहतूकतज्ज्ञांचा आग्रह असा की आहे त्याच मार्गिकांपैकी एकीला शुल्क लावावे आणि त्या पैशातून बस व रेल्वे वाढवावी. राजकीयदृष्ट्या हे अवघड आहे. काल जे फुकट होते, त्याला आज पैसे मागणे कोणत्याच सरकारला सोपे नाही. ज्याला आठ वाजताच हजेरी लावायची आहे आणि ज्याच्या घराजवळ बस नाही, अशा कमी पगाराच्या कामगारावर शुल्काचा बोजा पडू नये, हेही पाहावे लागते. शुल्काआधी पर्याय उभा असणे म्हणूनच महत्त्वाचे. डेव्हिसमध्ये त्याची सुरुवात छोटी पण खरी आहे. विद्यापीठ आणि सॅक्रामेंटोतले रुग्णालय यांच्यात २०२० पासून विजेवरच्या बस धावतात. त्यांना कोंडीत अडकू न देता सोडले, तर एकेक बस कित्येक गाड्या रस्त्यावरून उचलते.

आपल्याकडचा आरसा

पुणे हेही विद्येचे माहेरघर आणि एकेकाळचे सायकलींचे शहर. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या चौकातली कोंडी फोडायला उड्डाणपूल बांधला गेला, आणि २०२० मध्ये तो पाडून मेट्रोसह दुमजली पुलाचे काम हाती घ्यावे लागले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा घाटातल्या जुन्या रस्त्याच्या तुलनेत तो स्वर्ग वाटला होता. आज जोडून सुट्टी आली की त्याच्या सहा मार्गिका अपुऱ्या पडतात आणि त्याही रुंद करण्याचे प्रस्ताव पुढे येतात.

अमेरिकेतले आकडे इथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. आपल्याकडे अनेक ठिकाणी साधा धड रस्ताच नाही, आणि तिथे रस्ता बांधणे हाच विकास असतो. अपघाती वळणे सुधारणे, पदपथ देणे, अरुंद पूल बदलणे ही कामेही गरजेचीच. पण आधीच रुंद असलेल्या, आधीच भरलेल्या रस्त्यावर आणखी मार्गिका घालण्याचा प्रस्ताव आला, की तीन प्रश्न विचारता येतील. या जादा जागेत पाच वर्षांनी कोण असेल? तेवढ्याच पैशात बस, लोकल वा मेट्रोने किती माणसे नेता येतील? आणि रस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत किती घरे, किती शाळा आहेत?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रकल्पाच्या अहवालात कुठेतरी सापडण्याची शक्यता असते. तिसरे उत्तर मिळवायला खिडकी उघडून बाहेर पाहिले, तरी पुरते.